तोंडी आदेश साहेबांचा, टिप्पणीवर सही माझी – काय करावे?

कार्यासन_चौदा

नमस्कार. मुंबईतल्या एका राज्य शासकीय संचालनालयात वरिष्ठ सहायक आहे. खरेदी आणि देखभाल-दुरुस्तीच्या नस्त्या (फायली) माझ्याकडे असतात. इथे शासकीय सेवेतले बरेच जाणकार आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

कार्यालयातल्या संगणक-प्रिंटरच्या वार्षिक देखभालीचा करार (एएमसी) ३१ मार्चला संपला. करारात एकदाच तीन महिन्यांच्या मुदतवाढीची सोय होती, तीही जूनअखेर संपली. आता नवी निविदा काढावी लागेल असे माझे म्हणणे. उपसंचालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले की त्याच एजन्सीला वर्षभर मुदतवाढ द्यायची, दर १२ टक्क्यांनी वाढवायचा, आणि प्रस्ताव 'पॉझिटिव्ह' मांडायचा. लेखी काही नाही. अधीक्षकांना विचारले तर 'साहेबांनी सांगितलंय ना, मग मांडा' एवढेच.

माझ्याच दर्जाचे एक सहकारी साहेबांच्या मर्जीतले आहेत. माझ्या विषयाच्या नस्त्या ते परस्पर आत घेऊन जातात आणि सही करून बाहेर आणतात. काल त्यांच्यामार्फत निरोप आला, टिप्पणीवर (निर्णयासाठी नस्तीत मांडायच्या लेखी टिपणावर) जूनमधली तारीख टाका, म्हणजे करार सलग दिसेल.

गेल्या वर्षाचा माझा कार्यमूल्यमापन अहवाल अजून साहेबांकडेच आहे. बोलता बोलता 'मुंबईतच राहायचंय ना?' असेही ऐकवून झाले. या टेबलावर मला दीड वर्ष झाले आहे, मुलगी बारावीला आहे. भांडण करायचे नाही, पण ज्यात आपण अडकू अशी सहीही करायची नाही. टिप्पणी कशी लिहू? तोंडी आदेश कागदावर कसा आणू? अहवाल आणि बदलीचे कितपत मनावर घेऊ? आमच्याकडे अर्ध्या नस्त्या ई-ऑफिसवर (संगणकीय नस्ती-प्रणालीवर) आहेत, अर्ध्या कागदी. ही कागदी आहे.

चर्चगेट_स्लो

ताई, सगळ्यात आधी तारखेचे. मागची तारीख कोणत्याही परिस्थितीत टाकू नका. बाकी सगळ्यात पुढेमागे करता येते, यात नाही. मुदतवाढीचा निर्णय चुकला तर तो प्रशासकीय निर्णय चुकला असे म्हणता येते. खोट्या तारखेची टिप्पणी म्हणजे अभिलेखात फेरफार, त्याला विभागीय चौकशीबरोबर फौजदारी बाजूही आहे, आणि तिथे पहिले अक्षर तुमच्या हातचे असते.

शिवाय ती लपतही नाही. नस्तीतल्या पानांना ओळीने क्रमांक असतात, मध्येच टिप्पणी घुसवली की पुढचे सगळे क्रमांक खोडावे लागतात. एजन्सीच्या पत्रावर आवक शिक्का जुलैचा आणि त्याचा उल्लेख करणारी टिप्पणी जूनची, हे लेखापरीक्षक पहिल्या दहा मिनिटांत पकडतो. त्या तारखेला साहेब दौऱ्यावर होते की रजेवर, तुमची स्वतःची बायोमेट्रिक हजेरी होती का, हे सगळे दुसऱ्या नोंदींत पडलेले असते आणि तिथे तुमचा हात पोहोचत नाही.

१ जुलैपासून करार नाही आणि एजन्सी काम करतेच आहे, ही खरी अडचण आहे. तिला सरळ मार्ग आहे: आजच्या तारखेची टिप्पणी, मधला कालावधी उघडपणे लिहायचा, आणि त्या कालावधीतल्या कामास कार्योत्तर (काम झाल्यानंतरची) मान्यता मागायची. कार्योत्तर मान्यता कोण देऊ शकतो हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ आणि तुमच्या विभागाच्या प्रत्यायोजनाच्या (अधिकार खाली सोपवण्याच्या) आदेशांत बघा. बहुधा तो अधिकार उपसंचालकांचा नसेल, संचालकांचा किंवा मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाचा असेल. म्हणूनच 'सलग दाखवा' हा आग्रह होतोय. कार्योत्तर म्हटले की नस्ती वर जाते.

आता टिप्पणी. लोक इथे दोनपैकी एक चूक करतात. एक तर साहेब म्हणाले तसे स्वतःचेच मत असल्यासारखे लिहून मोकळे होतात ('मुदतवाढ देणे उचित होईल'), नाहीतर तावातावाने 'हे नियमबाह्य आहे' असे लिहितात. पहिल्यात शिफारस तुमची ठरते. दुसऱ्यात वरिष्ठांना माघार घ्यायला जागा राहत नाही, नस्ती 'फेरसादर' होऊन परत येते आणि तुमच्यावर आडमुठेपणाचा शिक्का बसतो. सहायकाचे काम वस्तुस्थिती, तरतूद आणि पर्याय मांडण्याचे. निर्णय ज्याचा अधिकार त्याचा. त्यामुळे विशेषणे काढून टाकायची आणि प्रत्येक वाक्यापुढे पान क्रमांक द्यायचा (प.वि. म्हणजे नस्तीतला पत्रव्यवहार विभाग). साधारण असे:

'१. संगणक देखभाल कराराची मूळ मुदत दि. ३१ मार्च रोजी संपुष्टात आली (पृ. ४१/प.वि.). करारातील मुदतवाढीची अट पृ. २७/प.वि. वर असून त्यानुसार एकदाच तीन महिन्यांची मुदतवाढ अनुज्ञेय आहे. ती दि. ३० जूनपर्यंत देण्यात आली (पृ. ४६/प.वि.).
२. एजन्सीने दि. … च्या पत्रान्वये १२ टक्के वाढीव दराने एक वर्ष मुदतवाढीची विनंती केली आहे (पृ. ४९/प.वि.). करारात दरवाढीची तरतूद आढळून येत नाही.
३. पर्याय अ – नवीन निविदा प्रक्रिया राबविणे. निविदेचा मसुदा पृ. ५१ ते ५८/प.वि. वर सादर. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत विद्यमान दराने तात्पुरती व्यवस्था करण्यास तसेच दि. १ जुलैपासूनच्या कालावधीस सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक.
४. पर्याय ब – वाढीव दराने एक वर्ष मुदतवाढ. यासाठी कराराच्या अटी शिथिल कराव्या लागतील. त्यास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता व लेखा शाखेचे अभिप्राय आवश्यक.
५. मा. उपसंचालक यांनी दि. … रोजी चर्चेदरम्यान पर्याय ब नुसार प्रस्ताव सादर करण्याबाबत निदेश दिले आहेत. त्यास अनुसरून दोन्ही पर्याय निर्णयार्थ सादर.'

यातला पाचवा परिच्छेद म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. तोंडी आदेश कागदावर आणायला वेगळे पत्र लागत नाही, तो टिप्पणीतच यावा. साहेबांनी खाली नुसती सही केली तरी निदेश दिल्याचे त्यांनी नाकारले नाही असे होते. त्यांना नको असेल तर ते परिच्छेद खोडतील किंवा 'पर्याय अ मान्य' लिहितील. कसेही झाले तरी निर्णय त्यांच्या हातचा होतो.

ही तुमची आगळीकही ठरत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या नियम ३ चा गाभाच असा आहे की वरिष्ठाच्या निदेशाने काम करताना निदेश लेखी घ्यावा, तसे शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात हेच म्हटले: तोंडी आदेशावर काम करू नये, अपवाद म्हणून करावे लागले तर त्याची नोंद झाली पाहिजे. टिप्पणीत या निकालाचा हवाला मात्र देऊ नका. तिथे तो धमकीसारखा वाचला जातो.

गिरगाव_कट्टा

वरची टिप्पणी उत्तम आहे, पण ती थेट पाठवण्याआधी एक पायरी घ्या. कच्चा मसुदा छापा आणि साहेबांना एकांतात दाखवा. 'साहेब, दोन्ही पर्याय मांडलेत, पाचव्या मुद्द्यात तुमचा निदेश घेतलाय, भाषा ठीक आहे का?' एवढेच विचारायचे. बऱ्याच वेळा गाठ इथेच सुटते, कारण आपले नाव त्या परिच्छेदात बघितल्यावर माणूस प्रस्ताव पुन्हा वाचतो. न सांगता लिहिले तर तीच गोष्ट घात केल्यासारखी वाटते, आणि मग त्यांचा राग प्रस्तावावर नसतो, तुमच्यावर असतो.

दुसरे, साहेबांच्या आग्रहामागे काय आहे ते समजून घ्या. गैरच असेल असे नाही. जुलै म्हणजे पावसाळी अधिवेशन. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधीची माहिती रोज दोन-दोन तासांत मागतात, त्यात यंत्रे बंद पडली तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. निविदेला दोन-अडीच महिने जातील याची त्यांना धास्ती असू शकते. अशा वेळी 'निविदा काढावी लागेल' या तुमच्या वाक्याचा त्यांच्या कानात अर्थ 'अडचण' असाच होतो. म्हणून निविदेचा मसुदा, यंत्रांची यादी, गेल्या वर्षीच्या तक्रारींची संख्या आणि अंदाजित खर्च हे सगळे तयार ठेवूनच आत जा. 'मसुदा तयार आहे, आज मान्यता मिळाली तर या आठवड्यात प्रसिद्ध होईल, तोवर जुन्याच दराने महिना-दोन महिने चालवण्याची मान्यता संचालकांकडून घेऊ.' ज्याच्याकडे तयार मसुदा असतो त्याचेच म्हणणे शेवटी कागदावर उतरते. कार्यालयात वजन येते ते बहुतांशी असेच.

आणि १२ टक्के आले कुठून, हे विचाराच. एजन्सीकडून घटक-दरांचा तपशील मागणारे पत्र अधीक्षकांच्या सहीने पाठवा. मनुष्यबळ किती, सुटे भाग किती, कर किती. खरा आधार असेल तर तो नस्तीत येईल. उत्तरच आले नाही तर तेही नस्तीत येते. स्पर्धात्मक दर न मागवता वाढीव दर दिला की महालेखापालांच्या पथकाचा आक्षेप ठरलेला, आणि अनुपालन (आक्षेपाचे उत्तर) लिहायला पुन्हा तुमचेच टेबल.

विलेपार्ले_पूर्व

अहवाल आणि बदली या दोन गोष्टींची भीती दाखवली जाते ती मुख्यतः कर्मचाऱ्याला त्यामागचे नियम माहीत नसतात म्हणून. क्रमाने लिहिते.

अहवाल. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. प्रतिवेदन अधिकारी (इथे तुमचे साहेब) लिहितो, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर आपले मत देतो, म्हणजे साहेबांचा शब्द शेवटचा नाही. तुमच्या हातात असलेला भाग म्हणजे स्वयंमूल्यमापन, आणि तोच लोक सर्वात निष्काळजीपणे भरतात. 'सोपविलेली सर्व कामे वेळेत पार पाडली' या वाक्याला काही किंमत नाही. किती नस्त्या आल्या, किती निकाली काढल्या, किती लेखा आक्षेपांचे अनुपालन केले, कोणती निविदा किती दिवसांत पूर्ण झाली, असे आकडे लिहा. आकडे असलेल्या स्वयंमूल्यमापनाखाली 'कामात दिरंगाई' लिहायचे तर प्रतिवेदन अधिकाऱ्याला उदाहरण द्यावे लागते. गेल्या वर्षीचे भरून झाले असेल तर सादर केल्याची तारीख आणि पोच जवळ आहे ना, ते पाहा.

प्रतवारी खाली आणली तरी ती तुमच्यापासून लपवता येत नाही. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, संबंधिताला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला अभिवेदन करता येईल (आपले म्हणणे लेखी मांडता येईल). अहवालाची प्रत हातात पडली की तारीख टाकून पोच द्या आणि अभिवेदनाची मुदत त्या पत्रातच वाचा. अभिवेदनात साहेबांच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नको. 'अमुक रकान्यात असे नमूद आहे, वस्तुस्थिती अशी, पुरावा सोबत' एवढ्याच साच्यात लिहा. वर्षभरात एकही ज्ञापन (खुलासा मागणारे कार्यालयीन पत्र) दिलेले नसताना अचानक प्रतिकूल नोंद, हा मुद्दा अभिवेदनात सर्वात जास्त टिकतो.

बदली. २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम नीट वाचा, तो पातळसाच आहे. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. मुदतीआधी किंवा वर्षाच्या मध्ये बदली करायची तर सक्षम प्राधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायला हवीत आणि लगतच्या वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायला हवी. तुमचे दीड वर्ष झाले आहे आणि हा जुलै आहे, म्हणजे दोन्ही अटी लागू होतात. 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे, या मुद्द्यावर मुदतपूर्व बदल्या न्यायाधिकरणात रद्द झालेल्या आहेत. उपसंचालक स्वतःच्या सहीने तुम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू शकत नाहीत, त्यांना वर प्रस्ताव द्यावा लागेल. कार्यालयातल्या कार्यालयात टेबल मात्र बदलू शकतात, आणि बहुधा तेच करतील. टेबल बदलले तर वाद घालू नका. कार्यभार हस्तांतरणाची यादी करा, प्रत्येक नस्तीचा क्रमांक, शेवटचा टिप्पणी पान क्रमांक आणि सद्यःस्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्या.

खरोखर आदेश निघालाच तर वेळ फार थोडा असतो. काही कार्यालयांत आदेश आणि 'एकतर्फी कार्यमुक्त' एकाच संध्याकाळी हातात देतात. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, नरिमन पॉइंटला आहे, तातडीची अंतरिम स्थगिती तिथे मागता येते, पण कार्यमुक्त होऊन दुसऱ्याने पदभार घेतला की ती मिळणे अवघड होते. तेव्हा आदेश, नेमणुकीची तारीख दाखवणारा कागद आणि मागच्या पदस्थापनेचा आदेश या तीन प्रती घरी तयार असाव्यात. आदेश नाकारून आजारी रजेवर जायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने बाजू कमकुवत होते. अहवालाच्या प्रकरणात आधी विभागाकडे अभिवेदन करावे लागते, सहा महिने उत्तर नाही आले तर मॅटचा रस्ता मोकळा होतो, आणि त्यानंतर वर्षाच्या आत जायचे. एकामागून एक स्मरणपत्रे पाठवली म्हणून ही मुदत वाढत नाही. यात बऱ्याच जणांचे प्रकरण मुदतबाह्य होते.

बारावीच्या मुलीचे कारण बदलीच्या वेळी सांगण्यासारखे आहे आणि ते ऐकलेही जाते, पण आत्ता साहेबांसमोर ते बोलू नका. तुमची नस कोणती हे त्यांना कळते.

आणि आमदार-मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन करवायचा मोह टाळा. सेवाविषयक बाबीत राजकीय किंवा बाहेरचा दबाव आणणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे. समोरच्याला तुमच्याविरुद्ध दुसरे काही मिळत नसले तर तो हेच शोधत असतो.

कार्यासन_चौदा

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा दाखवला. साहेबांनी वाचला, पाचवा परिच्छेद काढायला सांगितले. मी म्हटले, 'तुम्ही खाली शेरा द्या, मी काढते.' त्यावर म्हणाले, 'ठेवून जा.' आज नस्ती परत आली, टिप्पणी तशीच, समासात फक्त 'बोलावे' आणि आद्याक्षरी. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर संदेश, 'एएमसी नस्ती पर्याय ब नुसार उद्या फेरसादर करा.' आता? या संदेशाची प्रत नस्तीत लावू का? आणि सगळ्याच्या झेरॉक्स काढून घरी ठेवाव्यात असे एक जण म्हणाला.

चर्चगेट_स्लो

'बोलावे' हा शेरा नस्तीत राहिला हे चांगलेच झाले. ते पान बदलू नका, नवी टिप्पणी टंकून जुनी फाडायची नाही, कोणी सांगितले तरी. त्याच्याच खाली पुढचा परिच्छेद सुरू करा: 'वरील शेऱ्यास अनुसरून दि. … रोजी समक्ष चर्चा केली. दि. … रोजीच्या संदेशाद्वारे पर्याय ब नुसार प्रस्ताव फेरसादर करण्याचे निदेश प्राप्त. त्यानुसार पर्याय ब चा मसुदा पृ. ५९/प.वि. वर सादर. पर्याय ब साठी आवश्यक मान्यता व अभिप्रायांबाबत वरील परिच्छेद ४ कृपया अवलोकनी घ्यावा.' यात तुम्ही सांगितलेले काम केले, आणि परिच्छेद ४ जिवंत ठेवला. पुढे नस्ती लेखा शाखेकडे गेली की तिथला लेखाधिकारी तोच परिच्छेद उचलून धरेल. लेखा शाखेला टाळून नस्ती परस्पर संचालकांकडे जाते का यावर लक्ष ठेवा. तसे दिसले तर अधीक्षकांना 'लेखा अभिप्राय घ्यायचे राहिलेत' अशी तोंडी आठवण आणि नस्ती-हालचाल नोंदवहीत तारीख.

झेरॉक्स घरी नेऊ नका. शासकीय दस्तऐवज अनधिकृतपणे बाहेर नेल्याचा ठपका आयताच मिळेल. त्याऐवजी एक साधी दैनंदिनी ठेवा: तारीख, नस्ती क्रमांक, टिप्पणी पान, कोणी काय सांगितले, त्या वेळी कोण हजर होते. मत लिहायचे नाही. प्रत कधी लागलीच तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, प्रत दोन रुपये पान, मुदत ३० दिवस. टिप्पण्या हा नस्तीचाच भाग असल्याने त्याही मागता येतात.

व्हॉट्सअॅपचा संदेश नस्तीत छापून लावायची गरज नाही, उल्लेख पुरेसा आहे. फोनमधला मूळ संदेश मात्र राहू द्या, त्या संभाषणात 'आपोआप पुसणे' चालू असेल तर ते बघा. आणि त्याला तिथेच उत्तर द्या, 'होय सर, निदेशाप्रमाणे पर्याय ब चा मसुदा फेरसादर करते, परिच्छेद ४ मधील मान्यतांसह.' नुसता अंगठा दाखवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. फोन बदलताना हे लक्षात असू द्या, नुसता स्क्रीनशॉट पुढे कमी पडतो. केबिनमध्ये लपून आवाज रेकॉर्ड करायच्या फंदात पडू नका. टिप्पणी जे काम करते ते त्याने होणार नाही आणि कळले तर त्या कार्यालयात तुमच्याशी कोणी मोकळेपणी बोलणार नाही.

नस्ती_प्रवास

ई-ऑफिसवरच्या नस्त्यांसाठी थोडे. यलो नोट हा कच्चा मसुदा असतो, तो बदलता येतो, काढून टाकता येतो. ग्रीन नोट झाली की ती कायमची, कोणालाच पुसता येत नाही. वरिष्ठ 'यलोवरच पाठवा, बघून सांगतो' म्हणतात तेव्हा शेवटी काय उरेल ते त्यांच्या हातात असते. वादाच्या विषयात वस्तुस्थिती आणि तरतुदीचे परिच्छेद ग्रीनमध्ये टाका, शिफारशीचा भाग हवा तर यलोवर चर्चेला द्या. नस्ती कोणाकडे किती वाजता गेली, किती दिवस राहिली हे मूव्हमेंटमध्ये दिसते, त्यामुळे हातोहात फिरवणाऱ्यांचे महत्त्व तिथे आपोआप कमी होते. तुमची ही नस्ती अजून कागदी का आहे, हे अधीक्षकांना विचारण्यासारखे आहे. पुढची निविदा नवी नस्ती म्हणून ई-ऑफिसवरच उघडा. आणि आपला पासवर्ड किंवा डिजिटल सहीचा टोकन 'साहेबांचं काम आहे, पटकन' म्हणून सहकाऱ्याच्या हाती देऊ नका.

ग_उत्तर

आमच्या महापालिकेतले कोणी वाचत असतील तर: मॅट आणि २००५ चा बदली अधिनियम राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या अधिनियमावर आणि तिच्या स्वतःच्या सेवा नियमांवर चालतो, दाद मागण्याचे मार्ग वेगळे. वरचे बदलीबद्दलचे सल्ले जसेच्या तसे लावू नका. टिप्पणी लिहिण्याबद्दलचे सगळे चालेल.

गिरगाव_कट्टा

ताई, मर्जीतल्या सहकाऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्यांच्याशी थेट भिडू नका आणि त्यांची तक्रारही करू नका. त्यांची ताकद एवढीच की ते केबिनमध्ये केव्हाही जाऊ शकतात आणि कागद त्यांच्या हातून फिरतो. यातली दुसरी गोष्ट तुम्ही काढून घेऊ शकता. उद्यापासून तुमच्या विषयाची कोणतीही नस्ती नोंदवहीत सही घेतल्याशिवाय टेबलावरून हलू देऊ नका. भांडून नाही, 'दादा, इथे सही करा, मला नंतर सापडत नाही' असे म्हणून, आणि सगळ्यांकडूनच घ्या, शिपायापासून अधीक्षकांपर्यंत. एकट्याकडून घेतली तर ते वैर ठरेल. पंधरा दिवसांत ते स्वतःच नेणे कमी करतील, कारण सही केली की नस्तीची जबाबदारी अंगावर येते.

त्यांच्यामार्फत येणाऱ्या निरोपांना एकच उत्तर ठेवा: 'हो, साहेबांना विचारून घेते.' आणि खरोखर विचारा. 'सर, अमुक यांनी जूनची तारीख टाकायचा निरोप दिला, आपण तसे सांगितले आहे का?' असे निरोप निम्म्या वेळा साहेबांचे नसतातच. साहेबांच्या नावाने स्वतःचे वजन वाढवणारी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात, आणि साहेबांना ते कळले की त्यांनाही ते आवडत नाही.

स्वीय सहायकांशी मात्र संबंध नीट ठेवा. निर्णय त्यांच्या हातात नसतो, वेळ असते. अधिवेशनाच्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतर वादाची नस्ती आत गेली तर ती चिडूनच परत येणार. सकाळी साडेदहा-अकराला, डाक बघून झाल्यावर, शांतपणे वाचली जाईल अशी वेळ तेच सांगू शकतात. त्यासाठी चहापाणी काही लागत नाही. त्यांनी मागितलेली माहिती वेळेत आणि एका पानात दिली की पुरते.

अधीक्षकांना गप्प बसू देऊ नका. प्रत्येक टिप्पणी त्यांच्यामार्फतच जाऊ द्या आणि त्यांच्या सहीची जागा टंकून ठेवा. सही करायची म्हटल्यावर ते वाचतील. वाचल्यावर परिच्छेद ४ त्यांनाही दिसेल, आणि निवृत्ती जवळ असेल तर आपल्यापेक्षा जास्त काळजी त्यांनाच वाटते, कारण चौकशी प्रलंबित असली की निवृत्तिवेतनाचे आणि उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) काम अडते.

विलेपार्ले_पूर्व

एक राहिले. नस्ती तुमच्याकडे अडकली असा आरोप होऊ देऊ नका. त्याच २००५ च्या अधिनियमात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये अशी तरतूद आहे. तातडीच्या नस्तीला चार दिवस, अति तातडीच्या नस्तीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. पटत नसलेली नस्ती दाबून ठेवणे हा सर्वात सामान्य आणि सर्वात महागात पडणारा उपाय आहे. त्यात दोष वस्तुस्थितीचा न राहता तुमच्या विलंबाचा होतो, आणि ज्ञापन त्याचेच निघते. उद्या सकाळीच फेरसादर करा, नोंदवहीत वेळ लिहा.

ज्ञापन आलेच तर खुलासा दिलेल्या मुदतीत, एका पानात. कागदपत्रे लागत असतील तर आधी एका ओळीच्या पत्राने त्यांची मागणी आणि मुदतवाढीची विनंती करा, ते पत्र आवक शाखेतून पोच घेऊनच द्या. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना त्या टप्प्यावर सांगा, आत्ता नको. आत्ता त्यांनी साहेबांना भेट दिली तर विषय नस्तीचा न राहता तुमचा होईल.